वय वाढते तसा केसांचा गुंता का वाढतो?



रविवारी विहारात वंदना आटोपली की आम्ही बायका ओट्यावर घटकाभर बसतो. रेशनपासून मुलांच्या परीक्षेपर्यंत सगळ्या गोष्टी निघतात. मागच्या रविवारी बोलणे केसांवर आले. पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू म्हणाल्या, "लग्नात माझी वेणी कमरेखाली होती. पाच मिनिटांत घालायचे. आता हे एवढेसे शेपूट उरलंय, पण त्याला अर्धा तास लागतो. फणी घातली की अडकलीच! तेल तेच, पाणी तेच, हात तेच. मग केसच असे वैरी का झाले?"

सगळ्या हसल्या, पण मग प्रत्येकीची तक्रार निघाली. एकीचे केस बाळंतपणानंतर मुठीमुठीने गेले होते. एकीच्या केसांना फाटे फुटले होते. एकीने पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते आणि आता ते झाडूसारखे झाले होते.

सगळ्या उठल्यावर एक बहीण मागे थांबली. तिची मुलगी तेरा वर्षांची. टायफॉईडने महिनाभर अंथरुणावर होती. उठली तेव्हा मानेजवळच्या केसांचा लिंबाएवढा गोळा झालेला. गावाहून आलेली सासू म्हणते, "ही देवीची जट आहे. कंगवा लावू नको. कापलीस तर घरावर येईल." मुलगी पंधरा दिवसांपासून शाळेत गेली नव्हती. आईचा त्यावर विश्वास नव्हता, पण कात्री हातात घ्यायचे धाडसही होत नव्हते. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा, काय करू?"

काकूंचा आणि या बहिणीचा, दोघींचाही प्रश्न गुंत्याचाच होता. म्हणून आज त्याविषयी लिहिते.

केस म्हणजे काय?

केस हा मेलेला धागा आहे. जिवंत असते ती त्याची मुळी, आणि ती डोक्याच्या कातडीत रुतलेली असते. म्हणून केस कापला तर दुखत नाही, उपटला तर दुखतो. हा धागा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आपली नखेही त्याचीच असतात.

माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. एक केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. २ ते ६ वर्षे वाढून झाली की त्याची वाढ थांबते, दोन-तीन महिन्यांनी तो गळतो आणि त्याच मुळीतून नवा केस येतो. रोज ५० ते १०० केस गळणे हे नेहमीचेच आहे. फणीत चार केस दिसले म्हणून घाबरून जाऊ नये.

आता थोडा हिशेब करू. कमरेपर्यंतचा ७० सेंटिमीटरचा केस घ्या. त्याचा मुळाजवळचा भाग या महिन्यातला आहे, पण टोक जवळजवळ सहा वर्षांपूर्वीचे आहे. आठवड्यातून दोनदा डोके धुतले तर त्या टोकाने सहाशे धुण्या सोसल्या. दिवसातून दोनदा फणी फिरवली तर चार हजारांहून जास्त वेळा त्यावरून फणी गेली. शिवाय ऊन, धूळ, चुलीचा धूर, उशीचे घासणे. सहा वर्षे रोज नेसलेली आणि दगडावर धुतलेली साडी आज कशी दिसेल? मग केसाचे टोक का झिजू नये?

केसाच्या अंगावर अगदी पातळ खवल्यांचे थर असतात. घरावरची मंगलोरी कौले जशी एकावर एक बसवलेली असतात, तसे हे खवले बसवलेले असतात. त्यांचे तोंड टोकाकडे असते. एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवा, तो गुळगुळीत लागेल. उलटे फिरवा, थोडा खरखरीत लागेल. कौले नीट बसलेली असली की पाणी ओघळून जाते आणि केस एकमेकांवरून घसरतात. कौले निसटली की एका केसाचा खवला दुसऱ्यात अडकतो. यालाच आपण गुंता म्हणतो. आणखी झिजले की आतला धागा उघडा पडतो, चिरतो आणि टोकाला फाटे फुटतात.

मेलेला धागा स्वतःला बरा करत नाही. हातावरची जखम भरून येते, केसावरची येत नाही. जाहिरातीत काहीही सांगोत, फाटे फुटलेला केस कोणत्याही तेलाने पुन्हा जुळत नाही. त्यावर थोडा वेळ गुळगुळीत लेप बसतो, इतकेच. फुटलेले टोक कापणे हाच त्याचा खरा इलाज आहे.

वय वाढले की काय होते?

डोक्याच्या कातडीत प्रत्येक केसाशेजारी तेल देणारी बारीक ग्रंथी असते. हे तेल केसावर उतरते आणि त्याला मऊ ठेवते. वयात येताना या ग्रंथी जोरात काम करतात, म्हणून तरुण मुलींचे केस दोन दिवसांत तेलकट होतात. बायकांची पाळी जाण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण ४५ ते ५० या वयात आणि त्यानंतर, हे तेल कमी होत जाते. केस कोरडे पडतात आणि कोरडा केस लवकर अडकतो.

दुसरे, केस पांढरे होऊ लागतात. मुळीतल्या रंग देणाऱ्या पेशी संपत जातात, म्हणून नवा केस रंगाविना उगवतो. काळ्या केसांत मिसळलेले पांढरे केस बरेचदा राठ असतात. ते वेणीत बसत नाहीत, आपल्याच वाटेने उभे राहतात.

तिसरे, सगळे केस सारखे राहत नाहीत. काही बारीक होतात, काही मध्येच तुटून आखूड राहतात, काही जाडच असतात. केस कमी झाले की गुंता कमी व्हायला हवा, असे आपल्याला वाटते. पण सारख्या लांबीचे दाट केस एकमेकांना धरून राहतात. लहानमोठे, जाडबारीक विरळ केस सैल सुटतात आणि एकमेकांभोवती फिरतात. काकूंच्या एवढ्याशा शेपटाला अर्धा तास लागतो तो यामुळे.

चौथे कारण केसात नसते, खांद्यात असते. मी काकूंना म्हटले, "हात मागे नेऊन दाखवा बरं." उजवा हात मानेपर्यंत पोचेना. "तेल तेच, पाणी तेच, हात तेच" असे त्या म्हणत होत्या, पण हातच तो राहिलेला नव्हता. चाळीस ते साठ या वयात खांदा आखडण्याचा आजार अनेकींना होतो. साखरेचा आजार असलेल्यांना तो जास्त होतो. हात मागे पोचत नाही, म्हणून मानेजवळचे केस नीट विंचरले जात नाहीत आणि तिथेच गुंता धरतो. आपण मात्र केसांना दोष देत बसतो. ज्यांचा हात असा अडतो त्यांनी खांदा दाखवून घ्यावा आणि रक्तातली साखरही तपासून घ्यावी.

पुरुषांचे वेगळे आहे. त्यांचे कपाळ आणि टाळू मोकळी होते ती बहुतेक वेळा आनुवंशिक असते. त्यासाठी जाहिरातीतल्या तेलांवर पगार घालवू नये. तेलाने टकलावर केस उगवत नाहीत.

पाणी तेच नसते

काकूंचे "पाणी तेच" हेसुद्धा खरे नव्हते. पूर्वी त्या चाळीत राहत, तिथे नळाचे पाणी होते. आता नव्या वसाहतीत बोअरचे पाणी आहे. बोअरच्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. आपण त्याला जड पाणी म्हणतो. ते ओळखायचे कसे? डाळ लवकर शिजत नाही, पाणी तापवायच्या पातेल्यात पांढरा थर धरतो आणि साबणाला फेस येत नाही. याच पाण्यात साबणाने डोके धुतले की साबण आणि क्षार मिळून चिकट साका होतो. तो केसांवर बसतो. केस धुतले तरी चिकट आणि राठ लागतात ते म्हणून.

साबण, त्यातही कपड्याचा साबण किंवा सोडा, हा केसांचा मोठा शत्रू आहे. साबण खारट गुणाचा असतो. त्याने केस फुगतो, कौले उघडतात आणि केसावरचा स्निग्ध पदार्थाचा पातळ नैसर्गिक थर निघून जातो. तो थर केसावर पुन्हा उगवत नाही. आपल्या आया शिकेकाईने न्हायच्या. शिकेकाई किंचित आंबट गुणाची असते, त्यामुळे केस तितका फुगत नाही. शिकेकाई मिळत नसेल तर साध्या शाम्पूची पुडी कपड्याच्या साबणापेक्षा पुष्कळ बरी. पुडी मगभर पाण्यात कालवून वापरावी, म्हणजे कमी लागते आणि निघतेही लवकर. शेवटचे दोन तांबे शक्य असेल तर नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घ्यावेत. पिण्याचे पाणीच कमी असेल तिथे हे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथे निदान साबण तरी टाळावा.

बांधकामावर, झाडलोटीच्या कामावर, कचरा वेचायला जाणाऱ्या भगिनींना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. सिमेंटची धूळही साबणासारखीच खारट गुणाची असते. घाम आणि धूळ मिळून केसांत थर बसतो. कामावर जाताना डोक्याला सुती फडके पूर्ण बांधावे आणि घरी आल्यावर ते झटकून धुवावे. डोक्यावर पाटी वाहणाऱ्यांनी चुंबळ मऊ ठेवावी. एकाच जागी घासून टाळूवरचे केस तुटतात. आणि अंबाडा किंवा वेणी इतकी आवळून बांधू नये की कपाळ ओढले जाईल. वर्षानुवर्षे आवळले की कपाळाजवळचे केस कायमचे जातात.

बाळंतपण, ताप आणि ताट

गरोदरपणात केस कमी गळतात, म्हणून ते दाट वाटतात. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी हे थांबून राहिलेले केस एकदम गळतात. बाळाची आई घाबरते, कोणी म्हणते नजर लागली. नजर वगैरे काही नसते. बहुतेकींचे केस सहा महिने ते वर्षभरात परत येतात. टायफॉईड, डेंग्यू, करोना अशा मोठ्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी असेच केस गळतात आणि पुन्हा येतात.

पण मुळी जिवंत असते आणि जिवंत वस्तूला अन्न लागते. प्रथिन आणि लोह कमी पडले की शरीर आधी हृदय आणि मेंदू सांभाळते, केसांचा नंबर शेवटी लागतो. नवा केस बारीक आणि कमजोर उगवतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. याचे एक कारण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. सगळ्यांची जेवणे झाल्यावर बाई बसते, तेव्हा भांड्यात रस्सा उरलेला असतो आणि अंडे संपलेले असते. डोक्याला महागडे तेल लावण्यापेक्षा ताटात वाटीभर डाळ किंवा मोडाची उसळ, अंडे, सुकट, पालेभाजी हे जास्त कामाचे आहे. वर लिंबू पिळावे, त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह शोषले जात नाही. रक्त कमी असेल तर सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात. त्या डब्यात ठेवू नका, सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या.

केस एकाएकी राठ झाले, सोबत अंगावर सूज, थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे असेल तर थायरॉईडची तपासणी करावी. नाण्याएवढी गोल चाई पडली, डोक्यात फोड आले, पू झाला किंवा पाळीत फार रक्त जात असेल तरीही डॉक्टरांना दाखवावे.

तेल, फणी आणि रंग

तेल लावण्याची आपली रीत चुकीची नाही. मुंबईत रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल केसांना लावून पाहिले. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी वाया जाते, असे त्यांना दिसले. बाकीच्या दोन तेलांनी हे केले नाही. हे काम खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते, हेही सांगायला हवे. तरी धुण्याआधी खोबरेल लावण्याची आजीची पद्धत त्याने खरी ठरली. वाटीभर तेल लागत नाही. चमचा-दीड चमचा तेल धुण्याआधी रात्री किंवा दोन तास आधी लावावे, तेही टोकांना जास्त, कारण टोके सगळ्यांत म्हातारी असतात. कोंडा असेल तर मात्र तेल थापून ठेवू नये, त्याने कोंडा वाढतो.

विंचरताना आपण मुळापासून फणी ओढतो, ते चुकते. सगळा गुंता खाली ढकलला जातो आणि त्याची गाठ बसते. आधी टोकाची चार बोटे विंचरावीत, मग थोडे वरून, मग आणखी वरून. वरचा भाग दुसऱ्या हाताच्या मुठीत धरावा म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. मोठ्या दातांचा कंगवा घ्यावा. बारीक फणी उवा काढण्यासाठी असते, गुंता काढण्यासाठी नव्हे. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून ओले केस पंचाने खसाखसा चोळू नयेत, टिपून घ्यावेत. रात्री सैल वेणी घालून झोपावे. मोकळे केस रात्रभर उशीवर घासतात आणि सकाळी गुंता तयार असतो.

मुलींच्या डोक्यात उवा झाल्या तर रॉकेल किंवा पिकावरचे औषध कधीही लावू नका. त्याने कातडी भाजते, जवळ दिवा असेल तर पेट घेतो आणि विषबाधाही होते. औषधाच्या दुकानात पर्मेथ्रिनचे १ टक्क्याचे औषध मिळते. ते लावावे, बारीक फणीने लिखा काढाव्यात आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासावीत, नाहीतर उवा परत येतात.

काळी मेंदी म्हणून जी पुडी मिळते ती निव्वळ मेंदी नसते. तिच्यात बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. काहींना त्याने चेहरा सुजतो, डोक्यात फोड येतात. आधी कानामागे ठिपका लावून ४८ तास पाहावे. ही पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नये, पोटात गेली तर जीव जातो. केस सरळ करण्याच्या काही औषधांत फॉर्मालिनचा वायू सुटतो, त्याने डोळे आणि घसा जळतो. लग्नाच्या एका दिवसासाठी वर्षभराचे केस खराब करायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जट देवीची नव्हे

आता त्या तेरा वर्षांच्या मुलीकडे येऊ. महिनाभर ताप. डोके उशीवर एकाच जागी घासलेले. घाम आलेला, केस धुतलेले नाहीत, फणी लागलेली नाही. कौलांत कौले अडकली आणि गोळा झाला. यात देवी कुठे आली? लोकर ओली करून दाबली आणि मळली की लोकरीचे धागे एकमेकांत असेच घट्ट बसतात. ती लोकर कोणी देवीची म्हणत नाही.

पुढे काय होते तेही पाहा. गोळा दिसला की घरचे कंगवा बंद करतात, हळद-कुंकू लावतात, धुणे थांबवतात. मग गोळा वाढतो आणि वाढला म्हणून देवीचीच जट असे ठरते. बाईच्या डोक्यावर ओझे येते, मान दुखते, आत उवा आणि जखमा होतात, वास येतो, माणसे जवळ बसत नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने अशी जट आलेल्या मुलींना देवीला सोडले जाई आणि त्यांत सर्वांत जास्त मुली आपल्याच गरीब समाजांतल्या असत. देवीचे नाव पुढे करून त्या मुलींचे आयुष्य कोणाच्या हाती जायचे, हे आपल्या आजी-पणजीला विचारावे लागत नव्हते. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या आणि देवदासी भगिनींसमोर भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडण्याचे आवाहन केले. त्याआधी १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना स्वच्छ राहा, नीटनेटके राहा असे सांगितले होते. कर्नाटकात १९८२ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने देवदासी प्रथेवर बंदी आली.

आपल्या धम्माच्या इतिहासात तर जटेची गोष्टच आहे. उरुवेला येथे काश्यप बंधू हजार जटाधारी साधूंसह अग्नीची पूजा करत होते. भगवान बुद्धांचा उपदेश ऐकून त्यांनी जटा कापल्या आणि नदीत सोडून दिल्या. कोणावर कोप झाला नाही. उलट ते संघातले आदरणीय भिक्खू झाले.

ही भीती फक्त आपल्याकडेच होती असेही नाही. युरोपात पोलंड देशात अशीच जट शेतकऱ्यांच्या डोक्यावर असे. ती कापली तर आंधळेपण येईल, आजार अंगात शिरेल, असे लोक म्हणत. एकोणिसाव्या शतकात क्राकोव्ह शहरातल्या युझेफ डिटल या डॉक्टरांनी सांगितले की हा आजारही नाही आणि शापही नाही, केस न धुतल्याचा आणि न विंचरल्याचा परिणाम आहे. तिथे यल्लम्मा नव्हती, तरी जट होती. म्हणजे जट कोण आणते ते उघड आहे.

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे हे काम करतात. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा खून झाला, पण काम थांबले नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांना जटेतून मोकळे केले आहे. एकाही ठिकाणी देवी कोपली नाही.

आम्ही काय केले?

त्या संध्याकाळी मी त्या घरी गेले. सासूबाईंशी भांडले नाही. त्यांची भीती खोटी नव्हती, त्यांच्या लहानपणी एका मैत्रिणीला जट आली आणि तिला सोडले गेले, हे त्यांनी स्वतः सांगितले. मी विचारले, "आजी, त्या मैत्रिणीचं पुढे काय झालं?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लई हाल झाले तिचे." मी म्हटले, "मग नातीचे होऊ द्यायचे का?" मुलीलाही विचारले. ती म्हणाली, "काढा ना मावशी. मला शाळेत जायचंय."

गोळ्यावर भरपूर खोबरेल चोळले आणि रात्रभर तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी बोटांनी एकेक बट सुटी केली, टोकाकडून सुरुवात करून. मध्यभाग सुटेना तेव्हा कात्रीने उभी चीर दिली. आडवे कापले असते तर सगळेच केस गेले असते, उभी चीर दिली की पुष्कळ वाचतात. असे तीन दुपारी चालले. शेवटी सुपारीएवढा तुकडा उरला तो कापला. कात्री मुलीच्या आईने हातात घेतली. तिचा हात थरथरत होता. सासूबाई शेजारी बसून तेलाची वाटी धरून होत्या.

आतली कातडी लाल झाली होती, ती दवाखान्यात दाखवली. मलम मिळाले. सोमवारी मुलगी दोन वेण्या घालून शाळेत गेली. एक वेणी जरा बारीक आहे, वर्षभरात भरून येईल.

काकूंनी केस खांद्यापर्यंत कापून घेतले. आता त्यांना विंचरायला पाच मिनिटे लागतात. खांदा दाखवायला गेल्या तेव्हा साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या आहेत. त्या परवा म्हणाल्या, "केसांमुळे साखर कळली, नाहीतर पायाला जखम होईपर्यंत मी गेलेच नसते."

भगिनींनो, तुमच्या शेजारी कोणाच्या केसांत असा गोळा असेल, लहान असताना सोडवा. आणि कोणाच्या डोक्यावर मोठी जट असेल तर तिला हसू नका, तिच्यापासून लांब बसू नका. आधी तिच्याजवळ बसा. पुढच्या आठवड्यात शाळकरी मुलींच्या डब्याविषयी लिहीन. तुमचे अनुभव जरूर कळवा.

जयभीम.